चाऱ्याची पारख

तापी नदी आणि तिला येऊन मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर इत्यादी नद्या यांच्या खोऱ्यात खानदेश वसलेला आहे. जळगाव आणि धुळे हे त्यातील दोन मोठे जिल्हे. येथील काळी, कसदार जमीन कापूस व केळी यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु पिढ्यानुपिढ्या खानदेशी घरात भाकरी आली ती मुख्यतः ज्वारीची, आणि गोठ्यात वैरण पडली तीही मुख्यतः ज्वारीचीच. पावसाळ्याच्या अखेरीस पेरल्या जाणाऱ्या रब्बी ज्वारीला येथे 'दादर' म्हणतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि माघ-फाल्गुनात कापणीस येते. कणसे खळ्यावर जातात. वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून त्यांची गंजी रचली जाते. हाच कडबा होय. एकाच पिकातून माणसाला अन्न आणि जनावराला वैरण मिळते, म्हणून दादरीला शेतकरी फार मानतो.

फाल्गुन सरला की खानदेशात ऊन तापू लागते. वैशाखात पारा कित्येकदा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. बांधावरचे गवत करपते, ओढे आटतात. मृगाचा पाऊस पडून नवे गवत उगवेपर्यंत बैल, गाई आणि म्हशी यांचा सारा भार साठवलेल्या वैरणीवर असतो. पाऊस पडताच पेरणीची घाई सुटते आणि त्याच वेळी बैलाच्या अंगात बळ असावे लागते. उन्हाळ्यात जनावराने काय खाल्ले, यावर त्याचे पावसाळ्यातील काम व दूध अवलंबून असते. म्हणून वैरण किती आहे, या प्रश्नाबरोबरच ती कशी आहे, हा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा ठरतो.

पुष्कळदा असे दिसते, की गव्हाणीत वैरण भरपूर आहे, जनावराचे पोटही फुगलेले आहे. तरी त्याच्या बरगड्या मोजता येतात आणि दूध दिवसेंदिवस आटत जाते. याचे कारण समजून घेण्यासाठी गाईच्या पोटात डोकावले पाहिजे. गाय, म्हैस, शेळी व मेंढी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. मोठ्या गाईच्या या कप्प्यात शंभर लिटरांहून अधिक अन्न व पाणी मावते. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. कडब्यातील ज्या चिवट तंतूंचा माणसाच्या पोटाला काहीही उपयोग नसतो, ते तंतू हे जीव कुजवून त्यांपासून जनावराला शक्ती मिळवून देतात. पुढे हे जीव स्वतःच पुढच्या कप्प्यांत जाऊन पचतात आणि त्यांच्यापासून गाईला प्रथिने मिळतात. गाय खाते ते प्रथम या सेवकांसाठी, आणि मग स्वतःसाठी, असे म्हटले तरी चालेल.

या सेवकांनाही पोसावे लागते. वैरणीच्या कोरड्या भागात शेकडा सुमारे ७ भाग प्रथिने असली, तरच त्यांची वाढ नीट होते. ज्वारीच्या कडब्यात हे प्रमाण शेकडा ३ ते ४ एवढेच असते. मग सूक्ष्म जीव मंदावतात, तंतू लवकर कुजत नाहीत, खाल्लेली वैरण पोटात तशीच पडून राहते आणि जनावर नवी वैरण कमी खाते. पोट भरलेले दिसते, पण जनावर खऱ्या अर्थाने उपाशीच असते.

वैरण पारखताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे पाणी. हिरव्या चाऱ्यात शंभर भागांपैकी सुमारे ८० भाग पाणी असते. वाळलेल्या कडब्यात ते अवघे १० भाग असते. म्हणजे १० किलो हिरव्या मक्यात कोरडे अन्न २ किलोच, पण १० किलो कडब्यात ते ९ किलो असते. म्हणून दोन वैरणींची तुलना करताना पाणी वजा करून उरणाऱ्या कोरड्या भागाचीच तुलना करतात. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाकाठी असा कोरडा भाग सुमारे १० ते १२ किलो लागतो.

आता चाऱ्याचा कस कमी-अधिक का होतो, ते पाहू. रोप कोवळे असते तेव्हा त्यात पाने अधिक आणि प्रथिनेही अधिक असतात. पीक फुलावर येते, दाणा भरू लागतो, तसतसा ताटा उंच व कठीण होत जातो. लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य ताट्यातही साठू लागते. ते तंतूंना असे घट्ट वेढून बसते, की पोटातील सूक्ष्म जीवांनाही ते फोडता येत नाहीत. याउलट पीक फार लवकर कापले, तर पाणीच अधिक मिळते आणि एकरी वजन घटते. म्हणून चांगला चारा कोणता, याचे पहिले उत्तर कापणीच्या दिवशीच ठरून जाते. नुसत्या हिरव्या वैरणीसाठी पेरलेली ज्वारी साधारणपणे निम्मे पीक फुलावर आले म्हणजे कापावी, असे सांगतात ते याच कारणासाठी.

कडबा मात्र दाणा पिकल्यावरच मिळतो. तेथे कापणीची वेळ धान्य ठरवते. चाऱ्यासाठी ती बदलता येत नाही. मग कडब्या-कडब्यात फरक कोठून येतो? तो जातीमुळे, वाळवण्यामुळे आणि साठवण्यामुळे येतो. १९६४ साली भारतात सी. एस. एच. १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. त्याने दाण्याचे उत्पन्न पुष्कळ वाढवले, परंतु त्याची ताटे ठेंगणी असल्यामुळे कडबा कमी मिळे. उंच, पानेदार कडब्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी आपली दादर सोडली नाही, ती उगीच नव्हे.

कडबा विकत घेताना जाणता शेतकरी वरच्या पेंढीवर भाव ठरवत नाही. तो गंजीच्या मधली एखादी पेंढी ओढून काढतो आणि सोडून पाहतो. प्रथम तो पाने पाहतो. पानांत प्रथिने ताट्यापेक्षा पुष्कळ अधिक असतात आणि जनावरे पाने आवडीने खातात. उशिरा, कडक उन्हात बांधलेल्या कडब्याची पाने शेतातच झडून जातात व हाती नुसते ताटे उरतात. नंतर तो रंग पाहतो. पिवळसर हिरवी झाक असलेला कडबा वेळेवर कापून नीट वाळवलेला असतो. काळपट किंवा करडा कडबा अवकाळी पावसात भिजलेला असण्याचा संभव फार. पावसाच्या पाण्याबरोबर ताट्यातील साखर व इतर विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि मागे चोथा राहतो. त्यानंतर तो ताटा मोडतो. आतला गाभा पांढरा, भरीव आणि चवीला किंचित गोड असेल, तर कडबा कसदार. पोकळ, लाकडासारखा आणि बेचव असेल, तर हलका. शेवटी तो वास घेतो. चांगल्या कडब्याला वाळल्या गवताचा स्वच्छ वास येतो. कुबट वास, झटकताच उडणारी भुकटी आणि हाताला लागणारी काळी किंवा पांढरी बुरशी ही नाकारण्याची लक्षणे आहेत. काही बुरश्यांचे विष दुधातही उतरते. म्हणून बुरसटलेली वैरण 'जनावरालाच तर घालायची' असे म्हणून खपवणे घातक आहे.

डोळे, हात, नाक आणि जीभ ही अशी चार साधने शेतकऱ्यापाशी नेहमीच असतात. परंतु एक धोका या चारही साधनांना कळत नाही. खरीप ज्वारी जून-जुलैत पेरली जाते. मध्येच पावसाने ताण दिला, तर ती गुडघ्याएवढी होऊन खुरटते. तिची पाने हिरवीगार व लुसलुशीत दिसतात, चवीलाही गोड असतात; पण या वाढीच्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य भरपूर असते. जनावराने पाने चावली की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष तयार होते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव हे काम आणखी जलद करतात. या विषामुळे रक्तातील प्राणवायू शरीराच्या पेशींना वापरता येत नाही. जनावर धापा टाकू लागते, लटपटते, कोसळते, आणि कधीकधी तासाभराच्या आत दगावते. कापणीनंतर बुडख्याला फुटणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्यांतही हाच धोका असतो. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून धुरिन वेगळे करून या विषाचे मूळ दाखवून दिले.

या संकटावर उपाय सोपा आहे. ज्वारी फुलावर येईपर्यंत जनावर तीत शिरू देऊ नये. खुरटलेल्या पिकाच्या बाबतीत तर विशेष जपावे. भुकेले जनावर अशा शेताजवळून नेऊ नये. फुलोऱ्यानंतर विषाचे प्रमाण घटते आणि पीक नीट वाळल्यावर ते खूपच कमी होते. तरीही कोणत्याही जनावरात वरील लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्याला बोलवावे. येथे झाडपाल्याच्या उपचारांत वेळ दवडल्यास जनावर हातचे जाते.

पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक आणि उन्हाळ्यात मुळीच नाही, या विषमतेवर माणसाने एक युक्ती शोधली. हिरवा चारा न वाळवता, हवाबंद करून साठवायचा. अशा चाऱ्याला मुरघास म्हणतात. घरात लोणचे घालतात, त्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल. १८७७ साली ऑग्यूस्त गॉफार या फ्रेंच शेतकऱ्याने मक्याच्या मुरघासावर पुस्तक लिहिले आणि त्यानंतर ही रीत अनेक देशांत पसरली. आज खानदेशात मक्याची लागवड मोठ्या प्रमाणावर होते, आणि मक्यात साखर पुष्कळ असल्याने त्याचा मुरघास उत्तम होतो.

मुरघासासाठी मका कापायचा तो दाणा चिकातून घट्ट होऊ लागला म्हणजे. ज्वारी कापायची ती फुलोऱ्यापासून हुरड्यापर्यंत. त्या वेळी चाऱ्यात पाणी शेकडा ६५ ते ७० असावे. हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. चाऱ्याची बारीक कुट्टी करावी, तिची मूठभर गोळी हातात अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावी आणि मूठ उघडावी. बोटांतून पाणी ठिबकले, तर चारा फार ओला. गोळी उघडताच विस्कटून पडली, तर फार कोरडा. गोळी हळूहळू सैल झाली आणि तळहात जेमतेम दमट राहिला, तर वेळ अगदी योग्य.

मग ही कुट्टी खड्ड्यात, टाकीत किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत थर देऊन भरतात आणि प्रत्येक थर तुडवून हवा बाहेर काढतात. उत्तम दाबलेल्या मुरघासाचा एक घनमीटर सुमारे ५०० ते ६०० किलो भरतो. एका गाईला रोज १५ किलो याप्रमाणे १२० दिवसांना १८०० किलो मुरघास लागेल; म्हणजे तिच्यापुरता सुमारे साडेतीन घनमीटरांचा खड्डा पुरतो. तोंड हवाबंद केल्यावर आत जिवाणूंचे राज्य सुरू होते. ताक आंबट करणाऱ्या जिवाणूंच्या जातीचेच जिवाणू चाऱ्यातील साखरेपासून दुग्धाम्ल तयार करतात. आंबटपणा वाढला की चारा सडवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. सुमारे ४५ दिवसांनी मुरघास तयार होतो, आणि हवा न लागल्यास तो पुष्कळ महिने टिकतो. आंबटपणा पुरेसा वाढला तर चाऱ्याची नासाडी थांबते, हे तत्त्व ओळखून फिनलंडचे आर्तुरी इल्मारी वीर्तानेन यांनी ताज्या चाऱ्यात सौम्य केलेली आम्ले मिसळण्याची पद्धत काढली. या संशोधनाबद्दल त्यांना १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गाईच्या वैरणीवरील संशोधनाला जगातील सर्वोच्च सन्मान मिळावा, यावरून त्या विषयाचे महत्त्व कळते.

मुरघास उघडला म्हणजे पुन्हा पारख आली. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो. त्याला फळांसारखा, किंचित आंबट, हवाहवासा वास येतो. पाने व खोडाचे तुकडे ओळखू येतात आणि हात चिकट होत नाही. कुजक्या लोण्यासारखी दुर्गंधी आली आणि चारा बुळबुळीत लागला, तर तो फार ओला असताना भरला गेला, असे समजावे. पांढरी, निळी वा काळी बुरशी दिसली, तर आत हवा राहिली होती. असा भाग काढून फेकून द्यावा. तो चांगल्यात मिसळू नये. तिसरा दोष फसवा आहे. कधी मुरघास तपकिरी होतो आणि त्याला जळक्या साखरेसारखा गोड वास येतो. जनावरे तो आवडीने खातात. पण तो साठवणीत तापलेला असतो आणि त्यातील प्रथिने बांधली गेल्यामुळे पचत नाहीत. आम्लता मोजण्याचा कागद मिळाल्यास परीक्षा अधिक नेमकी होते. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो. मक्याच्या चांगल्या मुरघासाचा सामू ३.८ ते ४.२ च्या दरम्यान असतो.

ही झाली घरची परीक्षा. वैरणीत प्रथिने नेमकी किती, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते. १८६० च्या सुमारास जर्मनीतील व्हेंडे येथे हेन्नेबर्ग आणि श्टोमान यांनी चाऱ्याचे पाणी, राख, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू इत्यादी भाग वेगळे मोजण्याची रीत घालून दिली. १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची सुलभ पद्धत शोधली. प्रथिनांत शेकडा सुमारे १६ भाग नत्र असते. म्हणून सापडलेल्या नत्रास ६.२५ ने गुणले की प्रथिने मिळतात. एखाद्या कडब्यात नत्र शेकडा ०.६४ निघाले, तर प्रथिने ४ झाली. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पीटर व्हान सोस्ट यांनी वैरण साबणासारख्या द्रावणात उकळून तिचे तंतू मोजण्याची पद्धत रूढ केली. तीवरून जनावर किती वैरण खाऊ शकेल, याचा अंदाज बांधता येतो. १९६८ साली राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. खानदेश त्याच्या कार्यक्षेत्रात येतो, आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालयही त्यास जोडलेले आहे.

परंतु प्रयोगशाळेचा आकडाही एकट्याने पुरत नाही. तापलेल्या मुरघासातील बांधली गेलेली प्रथिने केल्डालच्या पद्धतीत मोजली जातातच. ती पचणार नाहीत, हे त्याच्या रंगावरून आणि वासावरून कळते. शिवाय नमुना चुकीचा घेतला तर आकडाही चुकीचा येतो. गंजीच्या एकाच कोपऱ्यातून मूठभर वैरण न घेता, निरनिराळ्या आठ-दहा ठिकाणची थोडी थोडी घेऊन ती एकत्र मिसळावी आणि तीतून नमुना काढावा.

पारख झाल्यावर उणीव भरून काढता येते. भुईमुगाच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिने अदमासे शेकडा ११ असतात. ५ किलो कडब्यातून २०० ग्रॅम आणि ५ किलो पाल्यातून ५५० ग्रॅम, अशी १० किलो मिश्रणातून ७५० ग्रॅम प्रथिने मिळतात. हे प्रमाण शेकडा साडेसात झाले; पोटातील सेवकांना ते पुरते. लसूणघास किंवा सरकीची ढेप थोडी मिसळूनही हेच साधते. जळगावच्या तेलगिरण्यांतून निघणारी ढेप म्हणूनच गोठ्यात मोलाची ठरते.

एवढे करूनही शेवटचा निकाल जनावरच देते. गव्हाणीत सकाळी किती उष्टे उरले आणि त्यात नुसती ताटेच आहेत काय, रवंथ नीट चालते काय, शेणात न पचलेले लांब तंतू दिसतात काय, अंगावर तुकतुकी आहे काय, दूध स्थिर आहे काय, हे रोज पाहणाऱ्याला वैरणीचा कस सहज उमगतो. जनावर मुके असते. त्याला काय कमी पडते, ते त्याच्या धन्याने ओळखायचे असते. वर्षातून एकदा पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून त्याला पुरणपोळी भरवणे ही त्याच्याविषयीची कृतज्ञता होय. उरलेल्या दिवसांत ती कृतज्ञता दाखवण्याचा मार्ग म्हणजे त्याच्यापुढे पारखून घेतलेली, कसदार वैरण टाकणे.